'नाही' आणायला गेलेला गुप्त पाहुणा

पाक विग्न्यो यांनी आयुष्यात जी म्हणून भूमिका हातात घेतली, तिचं सोनं केलं, असं पाक विग्न्यो यांचं स्पष्ट मत होतं. (पाक म्हणजे तिकडचं 'राव' किंवा 'साहेब', आणि बू म्हणजे 'बाई'.) जाकार्ताहून लांबच्या सोलो शहराच्या रेडिओवर केतोप्राक नावाच्या लोकनाट्यांत त्यांनी राजे केले, राक्षस केले, मालकाच्या विरहात झुरणारा हत्ती केला. एकदा ऐनवेळी नटी आजारी पडली, तेव्हा स्वतःच्याच विधवेची भूमिका करून ते स्वतःच्याच मरणावर असे रडले की, दुसऱ्या दिवशी चार माणसं घरी सांत्वनाला आली आणि दार खुद्द मयतानेच उघडलं! असा माणूस. आता त्याने हॉटेलात जाऊन फक्त एक हट्टी, चिडखोर पाहुणा व्हायचं होतं.

"डाव्या हाताचा मळ," ते बायकोला म्हणाले.

बू मुर्नी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "चिडखोर? तुम्ही?"

मग त्यांनी चपलांची आठवण काढली. नव्या चपला घरी आणल्यावर दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या होत्या, आणि दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून पाक विग्न्यो त्या झिजेपर्यंत वापरत राहिले. चालताना ते सारखे उजवीकडून डावीकडे वळत, त्यामुळे कित्येक महिने त्यांना बाजारात जायचं असलं की मशिदीला वळसा पडायचा.

"ते वेगळं," पाक विग्न्यो म्हणाले. "ते खरं आयुष्य होतं. ही भूमिका आहे."

*

भूमिकेमागची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. (तसं ते सांगूनही वाटेलच.)

रेडिओने नाटकं बंद केल्यापासून पाक विग्न्यो यांची नाटकमंडळी बेघर झाली होती. ढोलवाला होता, बासरीवाला होता, नातवंडांची शाळा सुटली की तालमीला येणारी राजकन्या होती. नव्हती ती फक्त जागा. आज याच्या ओसरीवर, उद्या त्याच्या पडवीत. दर ठिकाणी थोड्याच वेळात शेजारी डोकावून हसतमुखाने म्हणायचे, "फार छान चाललंय हं. अजून बराच वेळ चालेल का?" सोलोत याचा अर्थ 'गाशा गुंडाळा' असा होतो. मंडळी गुंडाळायची.

आणि इकडे ग्रिया केनांगा हॉटेलच्या अंगणात सागवानी खांबांचा एक मोकळा मंडप नुसता पडून होता. दगडी फरशी, उंच छप्पर, आणि आत आवाज असा घुमायचा की साधं खोकलं तरी राजाने खोकल्यासारखं वाटावं. त्यात हॉटेलवाल्यांनी मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या. पाक विग्न्यो धीर करून नव्या मॅनेजरला भेटले.

नवे मॅनेजर पाक सिहोम्बिंग मेदानकडचे, बाताक जमातीचे. म्हणजे छाती रुंद, मन त्याहून रुंद आणि आवाज दोन्हींच्या बेरजेएवढा. त्यांनी कुणाला प्रेमाने "जेवलास का?" विचारलं तरी पलीकडच्या गल्लीतली माणसं भांडण बघायला येत.

"मंडप देतो," ते म्हणाले. "दर शनिवारी तुमचा. पण आधी माझं एक काम करा."

काम असं होतं. हॉटेलच्या काउंटरवरची माणसं सोन्यासारखी होती, पण त्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द काही केल्या निघत नव्हता. पाहुण्याने विचारलं, पोहायचा तलाव आहे का? उत्तर: "अजून नाही, पाक." हॉटेल उभं राहून जमाना लोटला, त्या काळात तलावासाठी कुणी साधा खड्डा खणला नव्हता. पण जाकार्ताहून आलेल्या पाहुण्याला वाटायचं, अजून नाही म्हणजे चार वाजेपर्यंत होईल! पोरं चड्ड्या घालून, कमरेला रबरी चकत्या अडकवून पायरीवर बसून राहायची. निघताना पाहुणे हात जोडून, गोड हसून निरोप घ्यायचे आणि परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर लिहायचे: खोटारडे हॉटेल.

"मी दोन आठवडे शिकवलं," पाक सिहोम्बिंग म्हणाले. "फळ्यावर लिहून दिलं. 'माफ करा, नाही. पण त्याऐवजी हे देऊ शकतो.' सगळ्यांकडून घोकून घेतलं. समजलं का, विचारलं. सगळे म्हणाले, हो सर. आता या 'हो'चा मी काय अर्थ घ्यायचा?"

तेव्हा त्यांना हवा होता एक गुप्त पाहुणा. त्याने साध्या गिऱ्हाइकासारखं यायचं, होऊ न शकणाऱ्या गोष्टी मागायच्या, आणि काउंटरवरून एक स्वच्छ, खणखणीत 'नाही' मिळवायचा. मॅनेजर स्वतः लॉबीत वर्तमानपत्राआड बसून ऐकणार. 'नाही' कानांवर पडला की मंडप विग्न्योंचा. काउंटरवाल्यांनी पाहुण्याला ओळखलं तर मात्र परीक्षा रद्द आणि मंडपही रद्द.

"ओळखणार कसे?" पाक विग्न्यो हसले. "माझा चेहरा या गावात कुणी पाहिलाय? रेडिओ म्हणजे रेडिओ."

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात इथे एक शंका आली असेल, तर त्यांनी ती घटकाभर धरून ठेवावी. पाक विग्न्यो यांच्या मनात ती आली नाही.

प्रवेश पहिला: पाहुणा येतो

काळा चष्मा, ओठांवर झुपकेदार मिशी, हातात रिकामी बॅग. नाव पाक बंबांग. गाव सेमारांग. धंदा सिमेंटचा, कारण सिमेंटवाल्याशी कुणी फार बोलत बसत नाही. काउंटरवर सेकार नावाची तरुण मुलगी होती आणि तिच्या बाजूला सामान उचलणारा गांदुंग.

"नमस्कार," पाहुणे म्हणाले. "माझी एक खोली राखून ठेवली आहे."

एवढंच. पण ज्या आवाजाने वर्षानुवर्षं दर गुरुवारी आख्ख्या गावाला रडवलं होतं, तो आवाज लॉबीत घुमला आणि सेकारच्या हातातलं पेन खाली पडलं. गांदुंग बॅग उचलता उचलता वाकलेलाच राहिला. स्वयंपाकघराच्या दारातून आचारीणबाईंचं डोकं बाहेर आलं, आणि त्यांच्या हातातला झारा छातीशी गेला. विग्न्यो! आपले विग्न्यो! आपल्या हॉटेलात!

पेन पडलेलं पाक विग्न्यो यांनीही पाहिलं. त्यांच्या मनात आलं, सिमेंटचा दरारा.

आता ओळखलं तर सांगायचं की नाही? पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने खोटी मिशी लावून समोर उभं राहावं आणि आपण म्हणावं, अहो तुमची मिशी खोटी आहे? सोलोत असलं बोलणारं माणूस अजून जन्मायचंय. काहीतरी दुःख असणार, सेकारने गांदुंगच्या कानात सांगितलं. बायकोशी वाजलं असेल. गांदुंगने ते स्वयंपाकघरात सांगितलं, स्वयंपाकघराने धुलाईघरात, आणि पाहुण्यांच्या सह्या होईपर्यंत सगळ्या हॉटेलचं ठरलं होतं: हे पाक बंबांगच. सेमारांगचेच. आणि यांना काही कमी पडू द्यायचं नाही.

इकडे पाहुण्यांनी घसा साफ केला. आता मागणी नंबर एक.

*घरी आरशासमोर पाठ केलेलं वाक्य:* "मला पोहायचंय. आत्ताच्या आत्ता. कुठे आहे तुमचा तलाव?"

*प्रत्यक्षात तोंडातून निघालेलं वाक्य:* "आज हवा जरा गरमच आहे, नाही का? अशा हवेत काही लोक पोहतात म्हणे."

"तलाव अजून नाही, पाक," सेकार म्हणाली.

लॉबीतलं वर्तमानपत्र खुसखुसलं. पाक विग्न्यो यांनी सगळं बळ एकवटलं.

"अजून नाही म्हणजे... आपलं... अजिबातच?"

सेकारने त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी त्या विधवेबरोबर तीही उशीत तोंड खुपसून रडली होती. "म्हणजे अजून नाही, पाक. आपण खोलीत जरा टेका. मी बघते."

प्रवेश दुसरा: तलाव होतो

दुपारी गांदुंगने दारावर टकटक केलं आणि कमरेत वाकून सांगितलं, की तलाव तयार आहे.

अंगणातल्या त्या मंडपात, मोडक्या खुर्च्या बाजूला सारून, मधोमध तलाव उभा होता. तो गांदुंगच्या भाच्यांचा होता. हवेने फुगवलेला, बाहेरून बदकांची चित्रं, व्यास साधारण भाकरीच्या परातीहून मोठा आणि बैलगाडीच्या चाकाहून लहान. आत बागेच्या नळीने भरलेलं पाणी, वर चाफ्याची फुलं. दोन्ही बाजूंना सगळा कर्मचारीवर्ग रांगेत उभा. एकीने तर दिवा लावला होता.

पाक विग्न्यो यांना पोहता येत नव्हतं. पण एवढ्या माणसांनी एवढं केल्यावर "नको" म्हणायचं? ते लुंगी सावरून आत उतरले आणि गुडघे हनुवटीला लावून बसले. पाणी अर्धंअधिक बाहेर गेलं.

"कसं वाटतंय, पाक?" सेकारने काळजीने विचारलं.

"प्रशस्त," पाक विग्न्यो म्हणाले.

रांगेत समाधानाची कुजबुज झाली. तेवढ्यात कुणाला तरी वाटलं, की पोहणं म्हणजे डोकंही भिजायला हवं, आणि आचारीणबाईंनी मायेने एक तांब्या वरून ओतला. पाक विग्न्यो यांनी डोळे उघडले तेव्हा चाफ्याच्या फुलांमधून एक काळं, केसाळ काहीतरी संथपणे तरंगत चाललं होतं. त्यांनी ओठांवर हात नेला. ओठ मोकळा!

सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी एकाच वेळी छपराकडे पाहायला सुरुवात केली. किती छान सागवान, असं कुणीतरी म्हणालं. हो ना, जुनं काम, असं दुसरं म्हणालं.

थोड्या वेळाने गांदुंग खोलीत आला. हातात ताटली, ताटलीवर घडी घातलेला रुमाल. रुमालाखाली मिशी होती, वाळवलेली, आणि फणी फिरवल्यामुळे आधीपेक्षा झुपकेदार.

"आपलं काहीतरी पडलं होतं, पाक."

"हो, हो. तो माझा... बुटांचा ब्रश."

"तसंच वाटलं, पाक," गांदुंग म्हणाला, आणि मिशी लावून होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून थांबला.

प्रवेश तिसरा: डोंगर (याचा पडदा फार लवकर पडतो)

मागणी नंबर दोन होती डोंगर दिसणाऱ्या खोलीची. अशी खोली हॉटेलात नव्हती. खोली अजून नाही, असं उत्तर आलं, आणि तासाभरात पाक विग्न्यो यांचा पलंग गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून, वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये मांडला गेला. इथून पूर्वेला लावू नावाचा पर्वत दिसायचा. आज नेमका ढग होता. गांदुंगने ढगाच्या वतीने तीनतीनदा माफी मागितली. "अजून हलला नाही, पाक," तो कळवळून म्हणाला.

पडदा.

प्रवेश चौथा: पक्षी

गच्चीवर आडवं पडल्या पडल्या पाक विग्न्यो यांना मागणी नंबर तीन सुचली. शेजारच्या घरात पाक जोयो नावाचे गृहस्थ राहायचे. त्यांच्या अंगणातल्या उंच काठीवर पिंजरा टांगलेला होता आणि पिंजऱ्यातला होला घुमत होता. जोयोंचा होला म्हणजे आळीचा अभिमान. घुमण्याच्या स्पर्धांत त्याचं नाव होतं. जोयो स्वतः शिळं खायचे पण होल्याला ताजं घालायचे. असल्या पक्ष्याला गप्प करा म्हणायचं! याला तर कुणी 'हो' म्हणूच शकणार नाही.

ते खाली आले. वर्तमानपत्र जागेवर होतं, फक्त कडा चुरगळल्या होत्या.

*पाठ केलेलं:* "तो पक्षी बंद करा."

*निघालेलं:* "किती गोड घुमतो हो तो होला. इतका गोड, की माणसाला डोळा मिटवत नाही."

सेकारला बरोबर कळलं. तिने गांदुंगला शेजारी पाठवलं. गांदुंग जोयोंच्या ओट्यावर बसला, चहा घेतला, हवापाण्याचं बोलला, जोयोंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि शेवटी जाता जाता म्हणाला, की आमच्याकडे एक मोठे पाहुणे उतरलेत, त्यांचं सगळं लक्ष तुमच्या होल्याकडे लागलंय.

आता जोयोही सोलोचेच! पाहुण्याचं लक्ष एखाद्या वस्तूवर लागलं म्हटल्यावर माणसाने काय करायचं? संध्याकाळ व्हायच्या आत पाक जोयो नवीन बाटिकचा सदरा घालून, डोळ्यांतलं पाणी बाहीला टिपत, पिंजरा घेऊन स्वतः काउंटरवर हजर झाले. पाहुण्यांनी हा ठेवून घ्यावा, ते म्हणाले. आवाज त्यांच्या गळ्यातून दोन हप्त्यांत बाहेर आला.

पाक विग्न्यो यांनी नको म्हणण्याचा प्रयत्न केला. म्हणजे ते म्हणाले, "अहो, कशाला एवढा त्रास." जोयो म्हणाले, "त्रास कसला." झालं! सोलोत एवढ्यावर व्यवहार पक्का होतो. होला पिंजऱ्यातून नव्या मालकाकडे बघत होता आणि घुमत मात्र नव्हता.

मध्यंतर

"इकडे या," वर्तमानपत्र म्हणालं.

जिन्याखालच्या कोपऱ्यात पाक सिहोम्बिंग यांनी त्यांना गाठलं आणि ते कुजबुजले. मेदानची कुजबुज, भिंतीवरची दोन चित्रं तिरकी झाली.

"मी तुम्हाला एक 'नाही' आणायला पाठवलं. तुम्ही तलाव आणला. डोंगर आणला. आता पक्षी आणला. उद्या समुद्र आणाल आणि मला म्हणाल, लाटा अजून नाहीत."

पाक विग्न्यो मान खाली घालून उभे राहिले. मॅनेजरही मनाने वाईट नव्हते. पण त्यांच्यावरही वरून दबाव होता. शेवटची एक संधी, ते म्हणाले. रात्रीच्या जेवणाआधी एक 'नाही'. नाहीतर ही माणसं कधी सुधारणार नाहीत असं समजून मी माझा वेळ वाचवतो, आणि त्या मंडपात उद्यापासून पाहुण्यांच्या मोटारसायकली लावतो.

मोटारसायकली. त्या खांबांमध्ये. त्या घुमणाऱ्या छपराखाली! पाक विग्न्यो यांच्या डोळ्यांसमोर बासरीवाला आला, राजकन्या आली, आणि दारात डोकावून "अजून बराच वेळ चालेल का?" विचारणारे सगळे शेजारी आले. त्यांनी पिंजरा खाली ठेवला. मिशी दाबून बसवली. आणि अशी मागणी शोधून काढली, की जी पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही पुरी करता येणार नाही.

प्रवेश पाचवा: शेवटची मागणी

*पाठ केलेलं:* "आज संध्याकाळी मंडपात मला केतोप्राक बघायचंय. पूर्ण. राजा, राक्षस, वाद्यं, सगळं."

*निघालेलं:* तेच! शब्द न् शब्द तेच! पाक विग्न्यो स्वतःच दचकले.

यात कुठेही फट नव्हती. गावात केतोप्राक मंडळी एकच उरली होती. त्या मंडळीचा नायक एकच होता. आणि तो नायक इथे खोटी मिशी लावून उभा होता, म्हणजे तो तिकडे असू शकत नव्हता. हे होणं अशक्य आहे, हे जगात त्यांच्याइतकं खात्रीने कुणालाच ठाऊक नव्हतं.

सेकारने फळ्याकडे पाहिलं, तिथे अजून ते वाक्य लिहिलेलं होतं. तिच्या ओठांची हालचाल झाली. वर्तमानपत्र इतकं खाली आलं, की मॅनेजरचे डोळे आणि नाक दोन्ही दिसू लागले. पाक विग्न्यो श्वास रोखून मनात म्हणाले, म्हण पोरी. एकदाच म्हण.

"बघते, पाक," सेकार म्हणाली.

प्रवेश सहावा: जो व्हायला नको होता

गांदुंग मोटारसायकल घेऊन थेट विग्न्यो यांच्याच घरी गेला. बू मुर्नींना सगळं सांगायची वेळच आली नाही. "मिशी टिकली का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि मंडळीला निरोप धाडले. दिवेलागणीला तीन सायकलरिक्षा हॉटेलच्या दारात थांबल्या. एकीतून ढोल उतरला, दुसरीतून राजकन्या, तिसरीतून बू मुर्नी.

त्या नवऱ्यासमोर आल्या. दोन्ही हात जोडून वाकल्या.

"नमस्कार, पाक बंबांग. सेमारांगला घरी सगळे बरे?"

"बरे," पाक विग्न्यो पुटपुटले.

"मिसेसना माझा नमस्कार सांगा. सहनशील असणार बिचाऱ्या."

मंडप झाडून पुसून लख्ख झाला होता. मोडक्या खुर्च्यांना पाय बांधून लोक बसवले होते. हॉटेलात उतरलेलं लग्नाचं वऱ्हाड नवरानवरीसकट आलं. शेजारी आले. पाक जोयो आले आणि होल्याच्या जवळची जागा धरून बसले. मग सेकार पाहुण्यांसमोर आली आणि फार संकोचून म्हणाली, "सगळी मंडळी आली, पाक. फक्त त्यांचे नायक सापडत नाहीत. घरी नाहीत म्हणे." ती जमिनीकडे बघत राहिली. "आपला धंदा सिमेंटचा, हे मला ठाऊक आहे. पण आवाज भारदस्त आहे. थोडं सांभाळून घ्याल का?"

सगळा मंडप पाक विग्न्यो यांच्याकडे बघत होता. म्हणजे, सगळा मंडप मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

ते उठले. ढोलावर थाप पडली. आणि सेमारांगच्या सिमेंटच्या व्यापाऱ्याने राज्य गमावलेल्या राजाचं पहिलं वाक्य असं टाकलं, की सागवानाच्या खांबांनी ते उचललं, छपराने झेललं आणि परत लोकांच्या अंगावर सोडलं. आचारीणबाई झाऱ्यासकट रडल्या. नवरी रडली, तिची काजळरेघ हनुवटीपर्यंत गेली. दुसऱ्या अंकात तर पिंजऱ्यातला होलाही ढोलाच्या साथीला घुमू लागला, आणि ते ऐकून पाक जोयो उघडउघड हुंदके देऊ लागले. नाटक संपल्यावर पाक विग्न्यो यांनी पिंजरा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "याला माझ्या सिमेंटची धूळ बाधेल." याला कुणी नको म्हणालं नाही.

आणि पाक सिहोम्बिंग? वर्तमानपत्र कधीच फरशीवर पडलं होतं. हा डोंगराएवढा माणूस पहिल्या रांगेत बसून मुठीने डोळे पुसत होता आणि शेजारच्या अनोळखी वऱ्हाड्याला कोपराने ढोसून सांगत होता, बघा, हा आमच्या हॉटेलचा मंडप.

प्रवेश सातवा: काउंटर

लोक जाता जाता काउंटरपाशी थांबत होते. पुढच्या शनिवारी पण आहे का? सेकार प्रत्येकाला म्हणत होती, हो. त्याच्या पुढच्या? हो. वऱ्हाडातल्या एका आजोबांनी तर पाऊसकाळातले शनिवारसुद्धा विचारून ठेवले. हो, हो.

शेवटी मॅनेजर आले. नाक लाल, पण डोकं ठिकाणावर. नाटक झकास झालं, ते म्हणाले, पण ठरलं ते ठरलं, 'नाही' काही आला नाही. शिवाय आताच निरोप आलाय, पुढच्या शनिवारी मुख्य कचेरीतली साहेबमंडळी जेवायला येणार. "मंडप त्यांच्यासाठी रिकामा ठेवा."

पाक विग्न्यो यांचा चेहरा मिशीसकट उतरला.

सेकारने मॅनेजरकडे पाहिलं. दारातून बाहेर पडणाऱ्या लोकांकडे पाहिलं. मग दोन्ही हात जोडून, मान किंचित लववून, गोड हसून ती म्हणाली:

"माफ करा सर, नाही. पण त्याऐवजी गच्ची देऊ शकते. डोंगर दिसतो."

सेकारने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. गांदुंग भिंतीला टेकला.

"काय म्हणालीस?" पाक सिहोम्बिंग म्हणाले.

"नाही, सर," ती रडवेली होऊन म्हणाली. "इतक्या लोकांना हो म्हणून बसले. आता तुम्हालाही हो म्हटलं तर त्यांना नाही म्हणावं लागेल. ते मला कसं जमेल?"

पाक सिहोम्बिंग यांनी आरोळी ठोकली. पलीकडच्या गल्लीतून माणसं भांडण बघायला आली आणि बघतात तो मॅनेजर सामान उचलणाऱ्या पोऱ्याला कडेवर घेऊन नाचतोय. नाही म्हणाली! मला नाही म्हणाली! खुद्द मला! मंडप विग्न्योंचा! नंतर एकाएकी ते थांबले. गांदुंगला खाली ठेवलं. एक अट राहिली होती. त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि विचारलं, या पाहुण्यांना तुमच्यापैकी कुणी ओळखलं होतं का?

आचारीणबाईंनी झारा निरखला. राजकन्येने बांगड्या मोजल्या. शेवटी गांदुंगनेच खाकरून उत्तर दिलं.

"अजून नाही, सर."

भरतवाक्य

असा मंडप मिळाला. मंडळी अंगणात गोल करून उभी होती, बू मुर्नी नवऱ्याची मिशी हलक्या हाताने सोडवत होत्या, तेवढ्यात पाक सिहोम्बिंग आले. लाजत आले. एवढा मोठा माणूस लाजला, की फार जागा लागते.

लहानपणापासून एक इच्छा होती, ते म्हणाले. मेदानला कधी संधी मिळाली नाही. आज नाटक बघताना वाटलं, की आपल्यालाही जमेल. एखादी भूमिका द्याल का? लहानसहान नको. राजाचीच द्या.

मंडळीने पाक विग्न्यो यांच्याकडे पाहिलं. बू मुर्नींनी पाहिलं. सेकारने तर दोन्ही मुठी आवळून ओठांनीच वाक्य सुचवायला सुरुवात केली: माफ करा, नाही, पण त्याऐवजी. दिवसभर जो शब्द शोधत हा माणूस फिरला, तोच आता त्याच्या स्वतःच्या जिभेवर होता. पाक विग्न्यो यांनी छाती भरून श्वास घेतला.

"आवाजात," ते म्हणाले, "ताकद आहे."

तेव्हापासून दर शनिवारी ग्रिया केनांगाच्या मंडपात केतोप्राक होतं. गर्दी मावत नाही. राजाचं काम पाक सिहोम्बिंग करतात. राज्य गेल्याचं दुःख ते इतक्या मोठ्याने सांगतात की शत्रूने ऐकून राज्य परत करावं. पाक विग्न्यो दाराशी भाला धरून उभे असतात. द्वारपालाची भूमिका. तिचंही त्यांनी सोनं केलं आहे, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. त्यांना सबंध नाटकात एकच वाक्य आहे, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज आजही असा लागतो की अंगावर काटा यावा.

"हो, महाराज."